उघडी चेन आणि घोडबंदरचा चिखल : मोठ्या गाडीचे अकरा महिने

गेल्या शनिवारी सर्व्हिसिंगहून माझी नवी मोटारसायकल घेऊन निघालो आणि ठाण्यात माजिवड्याच्या पुलावर चढतानाच मागून घुंऽऽ असा आवाज येऊ लागला, जो वेगाबरोबर वाढत होता आणि क्लच दाबला तरी थांबत नव्हता. घरी पोहोचल्यावर मुलीच्या कंपासपेटीतली पट्टी आणून चेनला लावली, तर खालची बाजू जेमतेम ८ मिलीमीटर हलत होती. मागच्या चाकाच्या दांड्यावर कंपनीनेच चिकटवलेल्या कागदावर २० ते ३० मिलीमीटर असे स्वच्छ छापलेले आहे. मागे माणूस बसला किंवा चाक खड्ड्यात गेले की चेन आणखी ताणली जाते आणि तो सगळा ताण गिअरबॉक्समधून बाहेर येणाऱ्या शाफ्टच्या बेअरिंगवर पडतो, म्हणून ही ढील ठेवलेली असते. सोमवारी परत सर्व्हिस सेंटरला गेलो तेव्हा काउंटरवरच्या माणसाने शांतपणे सांगितले, "साहेब, पावसात चेन ढिली पडते, म्हणून आम्ही घट्टच ठेवतो." मी त्याला गाडीपाशी नेऊन तो कागद वाचायला लावला. वीस मिनिटांत चेन नीट करून मिळाली, मात्र चेन साफ करण्याचे ३५० रुपये मागूनही परत मिळाले नाहीत. वर ९,८०० किलोमीटरलाच चेनसेट, म्हणजे चेन आणि तिची पुढची-मागची दातेरी चाके (स्प्रॉकेट), बदलण्याचा साडेचार हजारांचा सल्लाही मिळाला.

माझ्याकडे वडिलांनी घेतलेली २००९ ची हिरो होंडा स्प्लेंडर प्लस आहे, जिची पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर आरटीओतून पुन्हा पासिंग करून घेतले. मागच्या वर्षी गणपतीच्या आधी तिच्या जोडीला ही जवळपास चारशे सीसीची नवी गाडी घेतली. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण जे लिहितो आहे ते या वर्गातल्या बहुतेक गाड्यांना लागू पडते. घोडबंदर रोडवरचे मानपाडा ते नवी मुंबईतले महापे, कळवा पूल आणि विटाव्यावरून, जाऊन-येऊन ४० किलोमीटर असा माझा रोजचा रस्ता आहे. रोजच्या वापराला जुनी गाडीच चालवत राहावी की ताकदवान गाडी घ्यावी, असा प्रश्न मला अनेक जण विचारतात आणि प्रत्येकाला मी आधी चेनविषयीच सांगतो.

स्प्लेंडरची चेन पूर्ण बंद कव्हरमध्ये असते. त्या कव्हरला एक रबरी बूच आहे, ते काढून बोट घातले की चेनची ढील कळते आणि तिथूनच तेल सोडता येते. बाहेर मेट्रोच्या कामाचा सिमेंटमिश्रित चिखल कितीही उडाला तरी तो आत जात नाही. तिचा मागचा चेनसेट २७ हजार किलोमीटर चालला आणि नवा अकराशे रुपयांत बसला. मोठ्या गाडीची चेन उघडी आहे. तिच्या पिनांमधले ग्रीस रबरी रिंगांनी आत बंद केलेले असते हे खरे, पण बाहेरचे रोलर आणि स्प्रॉकेटचे दाते कचकचीत मातीत घासतच राहतात. म्हणून पावसाळ्यात दर रविवारी रॉकेल, मऊ ब्रश आणि नव्वद नंबरचे ऑइल घेऊन बसावे लागते. पेट्रोल किंवा तारेचा ब्रश वापरला तर त्या रिंगा खराब होतात. आणि हे काम करायचे तर मागचे चाक फिरवायला हवे, पण गाडीला डबल स्टँडच नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये १९० किलोची गाडी वीतभर पुढे ढकलायची, चेनचा समोर आलेला तुकडा पुसायचा, पुन्हा ढकलायची. अखेर मागचे चाक उचलून धरणारा अठराशे रुपयांचा पॅडॉक स्टँड घ्यावा लागला. या किमतीच्या गाडीला डबल स्टँड न देणे मला अजूनही पटलेले नाही.

मे महिन्यापर्यंत माझे मत पक्के झाले होते की कापूरबावडी ते कळवा या टप्प्यात चाळीस हॉर्सपॉवरचा काडीमात्र उपयोग नाही. तिथे गाडी दुसऱ्या गिअरच्या वर जात नाही, रेडिएटरचा पंखा सुरू झाला की गरम हवा थेट उजव्या नडगीवर येते, आणि स्प्लेंडर त्याच गर्दीतून मला लवकर ऑफिसला पोहोचवते. दिघ्याच्या पुढे ठाणे-बेलापूर रस्ता मोकळा मिळाला की मोठी गाडी आनंद देते, ट्रेलरला मागे टाकताना पुढच्या वाहनाचा अंदाज चुकेल अशी भीती राहत नाही, पण तो आनंद दिवसाला पंधरा मिनिटांचा आहे.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात हे मत बदलावे लागले. विटाव्याच्या रेल्वेपुलाखालून पाणी ओसरल्यावर रस्त्यावर गाळाचा पातळ थर उरला होता आणि पुढच्या टेम्पोने अचानक ब्रेक मारला. मी घाबरून दोन्ही ब्रेक पूर्ण दाबले. पायाखालचे पेडल थडथडले, लिव्हर बोटांना आतून ढकलत राहिली आणि गाडी सरळ रेषेत, हातभर अंतर राखून थांबली. त्याच जागी चार वर्षांपूर्वी स्प्लेंडरचे मागचे चाक जाम होऊन मी आडवा झालो होतो आणि डाव्या कोपरावरचा व्रण अजून आहे. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचे झाले. माझ्या स्प्लेंडरला दोन्हीकडे ड्रम ब्रेक आहेत. म्हणजे मी ज्या ताकदीचे पैसे मोजले ती या रस्त्यावर फारशी वापरली जात नाही, पण तिच्यासोबत आलेला ब्रेक मला सोडवत नाही. आणि अडचण अशी, की ज्या चार महिन्यांत हा ब्रेक हवा असतो त्याच चार महिन्यांत चेनची वाट लागते.

पेट्रोलचा हिशेब मी वहीत ठेवतो. स्प्लेंडर लिटरला साठ देते, मोठी तीस. महिन्याच्या ९६० किलोमीटरला १६ लिटर विरुद्ध ३२ लिटर, म्हणजे आजच्या भावाने महिन्याला सोळाशेहून जास्त रुपयांचा फरक. विमा आणि टायर यांचा फरक वेगळाच.

तूर्तास ऑक्टोबरपर्यंत मोठी गाडी आणि दसऱ्यानंतर स्प्लेंडर असे ठरवले आहे. चेनसेट बदललेला नाही, कारण स्प्रॉकेटचे दाते मी स्वतः पाहिले आणि ते अजून एकसारखे आहेत, एकही दात वाकलेला किंवा टोकदार झालेला नाही. ज्यांच्याकडे एकच गाडी ठेवण्याची जागा आहे आणि रस्ता माझ्यासारखा आहे, त्यांनी चारशेच्या मागे न जाता दीडशे-एकशेसाठ सीसीची, एबीएस आणि डबल स्टँड दोन्ही असलेली गाडी शोधावी. शोरूममध्ये टोकन देण्याआधी गाडीच्या खाली वाकून स्टँड आणि चेनकव्हर पाहा. मी फक्त मीटर पाहिला होता.