जुन्या गाडीचं इंजिन घरी उघडताना: स्टँड, क्रेन आणि पाने यांतली निवड

जानेवारी २०२३ मध्ये बडोद्यात, लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात, जुन्या गाड्यांची '२१ गन सॅल्यूट' स्पर्धा भरली. तेव्हापासून दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या ओळखीच्या घरांतून मला एकच विचारणा होते. आजोबांची गाडी मागच्या चौकात उभी आहे, इंजिनचं काम घरीच काढलं तर काय विकत घ्यावं, काय भाड्याने आणावं, काय बनवून घ्यावं? मी अशी दोन इंजिनं घरी बांधली आहेत, एक ॲम्बेसेडरचं आणि एक पद्मिनीचं. त्यावरून माझं ठाम मत झालंय की पैसे आधी इंजिन धरून ठेवणाऱ्या आणि मोजमाप घेणाऱ्या वस्तूंवर घालावेत. चकचकीत पेटीतला शंभर नगांचा सॉकेट सेट सगळ्यांत शेवटी.

ॲम्बेसेडरचं जुनं १४८९ सीसी इंजिन ब्रिटिश बीएमसीच्या बी-सीरिजचं, पद्मिनीचं १०८९ सीसी फियाटचं. दोन्ही चार सिलिंडरची, तीन मेन बेअरिंगांची, आणि दोन्हींचं वजन दोनशे किलोच्या आत. इंजिन बोल्टने धरून ठेवणारा बाजारातला साधा स्टँडसुद्धा ४५० किलोचा म्हणून विकला जातो, त्यामुळे वजन तो पेलतो. विचार करायचा तो स्टँड हलतो किती आणि कलंडतो कधी यावर.

गॅरेजमध्ये इंजिन जुन्या टायरवर आडवं ठेवून उघडतात. मुरलेल्या मिस्त्रीला ते जमतं, कारण तो दोन दिवसांत काम उरकतो. आपण नोकरी सांभाळून रविवारचे तीन तास देणार, म्हणजे ब्लॉक, इंजिनाचं मुख्य धड, चार-सहा महिने तसाच राहणार. टायरवर एक बाजू कायम खाली असते, क्रँक (इंजिनातला मुख्य फिरता दांडा) बसवताना वाकून कंबर जाते आणि जमिनीवरची धूळ नेमकी बेअरिंगमध्ये शिरते. शिवाय आपल्या गावात पाण्याचा विचार करावाच लागतो. २०१९ आणि २०२४ च्या पावसाळ्यात विश्वामित्री नदी कुठवर आली होती ते ज्यांनी पाहिलं, त्यांनी उघडा ब्लॉक जमिनीवर ठेवू नये.

मग उरतात तीन पर्याय: तीन चाकांचा स्टँड, चार चाकांचा स्टँड, किंवा मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या फॅब्रिकेटरकडून बनवून घेतलेला. तीन चाकांचा सगळ्यांत स्वस्त आणि जागाही कमी खातो. गुळगुळीत कोब्यावर तो चालेल. आमच्या वाड्याच्या चौकात मात्र जुनी फरशी आहे. ब्लॉक लावलेला स्टँड सरकवताना पुढचं एकटं चाक फरशीच्या सांध्यात अडकलं आणि अख्खा स्टँड पुढे झुकला. दोघांनी धरला म्हणून वाचलो. त्या दिवसापासून मी कुणालाही तीन चाकांचा सुचवत नाही. चार चाकांचा, पुढचे पाय रुंद असलेला आणि निदान दोन चाकांना ब्रेक असलेला घ्यावा. जागेची अडचण असेल तर घडीचा मिळतो.

विकतचा आणि बनवून घेतलेला यांत खरा फरक पडतो तो फिरत्या डोक्यात. तिथे एका नळीत दुसरी नळी फिरते. दोन नळ्यांत फट राहिली की इंजिन नाक खाली घालतं, आणि टॉर्क देताना, म्हणजे बोल्ट ठरावीक जोराने आवळताना, अख्खा ब्लॉक डुलतो. बनवून घेणार असाल तर नळ्यांची जोडी लेथवर बसवून घेण्याचा आग्रह धरा, बाकी सांगाडा कोणीही चांगला वेल्डर करून देईल. विकत घेताना दुकानातच ते डोकं हाताने हलवून पाहा. वर्म गिअरचं, हँडलने फिरणारं डोकं मिळालं तर चार पैसे जास्त द्यावेत. साध्या डोक्यात पिन काढून दांड्याने इंजिन फिरवावं लागतं, आणि एकट्या माणसाला तो क्षण धोक्याचा असतो.

इंजिन स्टँडला लागतं ते गिअरबॉक्सच्या बाजूने. बोल्ट ८.८ ग्रेडच्या खालचे नकोत, आणि बिडाच्या ब्लॉकमध्ये व्यासाच्या दीडपट तरी आटे आत गेले पाहिजेत. स्टँडच्या हातांची भोकं बोल्टपेक्षा मोठी निघाली तर वॉशरांची चळत लावू नका, लेथवर बुश करून घ्या. चारही हात असे जुळवा की इंजिनाचा भार फिरत्या नळीच्या रेषेत येईल, म्हणजे उलटं करताना ते झोक देत नाही. याच बाजूने धरल्यामुळे फ्लायव्हील आणि क्लच स्टँडवर बसवता येत नाहीत. ते शेवटी, इंजिन क्रेनला लटकवून बसवायचे.

क्रेनचं गणित वेगळं आहे. ती दोनदाच लागते, इंजिन काढताना आणि परत बसवताना. मला मिळालेल्या दरांत क्रेनची किंमत स्टँडच्या जवळपास तिप्पट होती, म्हणून क्रेन भाड्याने. आणताना लक्षात ठेवा, दोन टनी क्रेनचा हात पूर्ण लांबवला की तिची क्षमता पाव होते, साधारण ५०० किलो. आपल्या इंजिनांना तेवढं पुष्कळ आहे. चेन ब्लॉक स्वस्त, विश्वासाचा आणि इंच-इंच उतरवायला क्रेनपेक्षाही चांगला. पण तो टांगायचा कशाला? वाड्याच्या सागवानी तुळईला हूक ठोकून इंजिन उचललेलं मी पाहिलंय. शंभर वर्षांच्या तुळईच्या पोटात वाळवीने काय केलंय ते वरून दिसत नाही. लोखंडी तिकाटणं भक्कम असेल तरच चेन ब्लॉक.

पान्यांच्या बाबतीत गाडीच निर्णय देते. पद्मिनी मिलिमीटरची: १०, १३, १७ असे पाने हाताशी असले की बरंचसं काम निघतं. जुनी ॲम्बेसेडर इंचातली. तिच्या अर्ध्या इंची नटाला, म्हणजे १२.७ मिमीला, १३ चा पाना सैल बसतो आणि कोपरे खातो. नऊ-सोळाला १४ चा जातच नाही. पाऊण इंच आणि १९ तेवढे एकमेकांचं काम करतात. त्यामुळे ॲम्बेसेडरवाल्यांनी इंची पान्यांचा छोटा संच वेगळा घ्यावाच. नंतरच्या इसुझू इंजिनाच्या ॲम्बेसेडरला ही भानगड नाही. सॉकेट सहा कोनी घ्या. बारा कोनी लावायला सोपे, पण गंजलेल्या नटावर घसरतात. मी नाशिकच्या टपारियाचे पाने वर्षानुवर्षं वापरतोय आणि घरच्या कामाला त्याहून महाग काही लागलेलं नाही.

टॉर्क रेंच मात्र कुणाकडून उसना आणू नका. काट्याचा साधा रेंच दिसायला जुनाट, पण त्याचं माप सहसा बिघडत नाही. काटा शून्यावर नसेल तर लगेच कळतं. क्लिकचा रेंच अडचणीच्या जागी सोयीचा, चांगल्याची अचूकता अधिक-उणे ४ टक्के. वापरून झाल्यावर तो सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवावा लागतो, आणि उसना आणलेला कुणी तसा ठेवला असेल याची खात्री नसते. जुन्या पुस्तकांत आकडे फूट-पौंडांत असतात, रेंचवर न्यूटन-मीटर. १.३५६ ने गुणायचं: ४० फूट-पौंड म्हणजे ५४ न्यूटन-मीटर.

मोजमापाच्या साधनांवर लोक सर्वांत कमी खर्च करतात, आणि मला तीच गोष्ट सर्वांत जास्त लागते. क्रँक घासणं आणि ब्लॉक बोअर करणं मशीन शॉपचंच काम. पण काम करून आलेली क्रँक खरंच दहा साइझची (दहा हजारांश इंच घासलेली) आहे की वीसची, हे आपण घरी तपासायला हवं. बेअरिंगमधला वाव मिलिमीटरच्या काही शतांशांचा असतो, व्हर्नियर तिथे उपयोगाचा नाही. मायक्रोमीटर लागतो, आणि ॲम्बेसेडरला दोन, लहान जर्नलांना २५-५० मिमीचा, पण मेन जर्नल (मेन बेअरिंगात फिरणारा क्रँकचा गोल भाग) २ इंची, म्हणजे ५०.८ मिमी, तिथे २५-५० चा पोचत नाही, ५०-७५ चा हवा. दोन घेणं परवडत नसेल तर प्लास्टिगेज घ्या. जर्नलवर त्याची बारीक दोरी ठेवायची, बेअरिंगची कॅप पूर्ण टॉर्कने आवळायची, क्रँक अजिबात फिरवायची नाही. कॅप काढून दबलेल्या दोरीची रुंदी सोबतच्या पट्टीशी ताडून पाहायची. एकदा माझी क्रँक अशीच दोन जर्नलवर वेगवेगळ्या मापांची निघाली. इंजिन जोडून बंद करण्याआधी कळलं, म्हणून बेअरिंगं वाचली.

रिंग कंप्रेसर, व्हॉल्व्ह स्प्रिंगचा कंप्रेसर, फीलर गेज साधेच घ्या. बोअर डायल गेज एका इंजिनासाठी घेऊ नका. मशीन शॉपमध्ये स्वतः उभं राहून त्यांच्या गेजने मापं घ्यावीत, वर, मध्ये आणि खाली.

आमच्या ओळखीतल्या तीन घरांनी मिळून एक चार चाकी स्टँड आणि दोन मायक्रोमीटर घेतले आहेत. सध्या ते स्टँडर्ड हेराल्डच्या ९४८ सीसी ब्लॉकसाठी एकांच्या घरी आहेत, दिवाळीनंतर मोकळे होतील.