विंचूवाली गाडी, दहा महिने आणि माझे काळे हात

जानेवारीत पुण्याहून नागपूरला गाडी आणली. बाबांनी एकदा पुढून, एकदा मागून फेरी मारली आणि विचारलं, "हे लाल पट्टे मुद्दाम मारलेत का कोणी घासून गेलं?" मुद्दाम मारलेत. फियाटची अबार्थ पुंटो आहे ही, कंपनीतूनच स्टिकर लावून यायची. "मग ठीक," म्हणाले आणि चहा प्यायला आत गेले.

स्पोर्ट्स कार म्हटलं की दोन दारं आणि जमिनीला टेकलेलं पोट डोळ्यांसमोर येतं. त्या हिशेबानं ही पाच दारांची हॅचबॅकच. पण १.४ लिटरचं टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) असलेलं पेट्रोल इंजिन, १४५ बीएचपी, चारही चाकांना डिस्क ब्रेक, आणि शून्य ते शंभर कंपनीच्या आकड्यानुसार ८.८ सेकंदांत. ऑक्टोबर २०१५ मध्ये बाजारात आली तेव्हा एक्स-शोरूम दहा लाखांच्या आत होती, आणि मी हिंगण्याला स्प्लेंडरवर जात होतो. आपल्याच रांजणगावला बनायची. तिच्या बिल्ल्यावरचा विंचू म्हणजे अबार्थचा संस्थापक कार्लो अबार्थची रास, वृश्चिक. आमच्या सोसायटीत तिचं खरं नाव कोणाला येत नाही, सगळे 'विंचूवाली' म्हणतात.

घेतली तेव्हा ५८ हजार किलोमीटर झाले होते, आता ६५ हजार ओलांडले. राज्यातल्या राज्यात व्यवहार, त्यामुळे नंबर एमएच-१२ च राहिला. फॉर्म २९ आणि ३० भरून नाव लागलं. भेटणारा प्रत्येक जण एकच विचारतो: बंद झालेली गाडी, पार्ट मिळतात का? मिळतात. याच इंजिनाची फियाटचीच लिनिया टी-जेट होती, साध्या पुंटोशी बरंच काही जुळतं, आणि उरलेलं दिल्लीच्या काश्मिरी गेटच्या पार्ट-बाजारातून कुरिअरनं येतं. पण दहा महिन्यांत मला पार्टांनी कमी आणि घाणीनं जास्त कामाला लावलं. बिघाड म्हणून जे जे समोर आलं, त्यातलं निम्मं कचरा नाहीतर कोणीतरी अर्धवट सोडलेलं काम निघालं.

पहिलंच उदाहरण घ्या. ड्रायव्हरची सीट पुढे सरकत नव्हती. विकणाऱ्यानंच प्रामाणिकपणे सांगितलं होतं की रेल गेलीय, बदलावी लागेल, आणि त्यापोटी किंमत थोडी उतरवलीही होती. घरी आल्यावर बॅटरीची निगेटिव्ह तार काढली, दहा मिनिटं थांबलो (सीटखाली एअरबॅग यंत्रणेचा पिवळा कनेक्टर असू शकतो, तो चालू करंटवर काढला की डॅशवर दिवा लागून बसतो), आणि चार बोल्ट खोलून सीट बाहेर घेतली. खाली खालापूरच्या टोलची पावती, एक कानातलं, मुलांची पेन्सिल, आणि रेलच्या दातांत चिक्की. लोणावळ्याची असावी. गूळ उन्हानं वितळून आत गेला, पुन्हा घट्ट झाला, त्यावर धूळ बसली आणि दगड झाला. गरम पाणी, जुना टूथब्रश, वीस मिनिटं. मग थोडं ग्रीस. सीट अशी सरकली की मीच स्टिअरिंगवर आदळलो. कानातलं मालकाला विचारून कुरिअर केलं.

हेडलाइट पिवळे पडले होते. पॉलिकार्बोनेट उन्हानं पिवळं पडतंच. आधी टूथपेस्टचा प्रयोग केला, सगळे करतात. तीन आठवडे बरं दिसलं. मग रीतसर वॉटर पेपर आणले: ८००, १५००, २०००, शेवटी ३०००, सगळं ओलं ठेवून, काचेभोवती मास्किंग टेप लावून. ८०० चा पेपर मारल्यावर काच दुधासारखी पांढरी होते, तिथे माणूस घाबरतो. घाबरायचं नाही, पुढच्या पेपरवर ती साफ होत जाते. खरी चूक नंतर होते. पॉलिश झालं की लोक थांबतात. घासताना वरचा यूव्ही थर गेलेला असतो, तो पुन्हा दिला नाही तर नागपूरचा एक एप्रिल पुरेसा आहे. मी यूव्ही क्लिअर कोट मारला, मेमध्ये ४५ अंश पाहून झाले, अजून स्वच्छ आहेत.

मार्चमध्ये मात्र तोंडचं पाणी पळालं. तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की फुस्स आवाज यायचा आणि गाडी ओढायचीच नाही. एका गॅरेजात दाखवली. मिस्त्रीनं बोनेट उघडलं, गाडी दोनदा रेस केली आणि निदान दिलं, "भाऊ, टर्बो गेला तुमचा. कायले घेतली हे गाडी? पार्ट भेटत नाई." खर्चाचा आकडा ऐकून मी गाडी तशीच घरी आणली. रविवारी सकाळी, इंजिन थंड असताना, टर्बोपासून इंटरकूलरकडे (टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी) जाणाऱ्या रबरी पाइपावरून बोट फिरवत गेलो. एका जोडाजवळ बोट काळं, तेलकट झालं. बाकी पाइप कोरडा. हवा तिथूनच निसटत होती, आणि जाताना तेलाचे बारीक कण ठेवून जात होती. होज क्लिप कोणीतरी पूर्वी काढून तिरकी बसवली होती, तिची पट्टी तुटायला आली होती. नवी क्लिप साठ रुपये. टर्बो अजून तोच आहे.

इथे एक कबुली. नवी क्लिप आवळताना जोशात मी पहिलीचे आटे मारले. म्हणून दोन क्लिपा, एकशेवीस.

ब्रेकवर जरा सविस्तर लिहितो, कारण यूट्यूबवर सगळे पुढचे पॅड दाखवतात आणि मागच्यांवर गप्प बसतात. पुढचे पॅड बदलणं सोपं आहे. चाक काढायचं, कॅलिपरचे (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) बोल्ट सोडायचे, पिस्टन क्लॅम्पनं दाबून आत ढकलायचा, नवे पॅड बसवायचे. गाडी कधीही नुसत्या जॅकवर ठेवून खाली हात घालू नका. जॅक स्टँडची जोडी पहिल्या महिन्यात घ्या, गोटी पान्ह्यांचा सेट दुसऱ्या महिन्यात घेतला तरी चालेल. चाक परत लावताना मात्र या गाडीत वेगळी कसरत आहे. आपल्या बऱ्याच गाड्यांसारखे इथे चाक अडकवायचे कायमचे बसवलेले स्टड नाहीत, चाकाला सरळ बोल्ट लागतात. म्हणजे चाक टांगून ठेवायला काही नाही. एका पायाच्या चवड्यावर टायर पेलायचा, भोकाला भोक जुळवायचं आणि तेवढ्यात पहिला बोल्ट हातानं धरवायचा. पहिल्यांदा मला पाव तास लागला आणि अंगठ्याचं नख गेलं.

मागचे पॅड बदलायला तसाच क्लॅम्प लावला. पिस्टन हलेना. आणखी आवळला. हलेना. तिथे थांबलो ही माझी दहा महिन्यांतली सगळ्यात शहाणी गोष्ट. मागच्या कॅलिपरमध्येच हँडब्रेकची यंत्रणा असते आणि तिथला पिस्टन दाबायचा नसतो, फिरवत फिरवत आत घालायचा असतो. जोर लावून ढकलला तर आतली यंत्रणाच जाते, मग कॅलिपर बदला. पिस्टन फिरवायचं एक वेगळं हत्यार मिळतं, ऑनलाइन मागवलं. ते येईपर्यंत चार दिवस विंचूवाली मागची दोन्ही चाकं नसलेल्या अवस्थेत पार्किंगमध्ये स्टँडवर उभी होती आणि जाणारा-येणारा मला "चोरी झाली का?" विचारत होता.

ब्रेक ऑइलही तेव्हाच बदललं. ते हवेतला ओलावा शोषतं, उकळण्याचा बिंदू खाली येतो, आणि उतारावर सतत ब्रेक दाबले की पेडल मऊ पडतं. दोन वर्षांनी बदलावं. माझ्यातलं काळ्या चहाच्या रंगाचं होतं. कामाला दुसरा माणूस लागतो. बाबा आत बसले, मी चाकाशी.

"दाबा."

"दाबला."

"धरून ठेवा."

"धरलाय. किती वेळ?"

मी निपल (कॅलिपरवरचं ऑइल सोडायचं छोटं तोंड) पाव फेरा सोडला, नळीतून बुडबुडे आले, निपल बंद केला. "आता सोडा." बाबांनी आधीच सोडला होता. हवा पुन्हा आत. पाचव्या खेपेला मी ओरडलो, "बाबा, मी सांगेपर्यंत पाय उचलायचा नाही!" आतून शांतपणे उत्तर आलं, "सदतीस वर्षं बजाज चालवली, मला ब्रेक शिकवू नकोस." त्यानंतर मात्र चारही चाकं एका दमात झाली. ब्रेक ऑइलचा थेंब रंगावर पडला तर रंग उचलतो, म्हणून शेजारी पाण्याची बादली तयार ठेवा. माझा एक थेंब मागच्या कमानीवर पडला, धुतला तरी डाग राहिला. तिथे आता एक जादा लाल पट्टी आहे. कोणाच्या लक्षात आलेलं नाही.

जूनच्या शेवटी पाऊस लागला आणि शेजारच्या सीटखाली पाय ठेवला की पचपच आवाज. मी लगेच एसीवर संशय घेतला. उन्हाळ्यात एसीचं थेंब थेंब पाणी बाहेर टाकणारी नळी तुंबली की ते आत येतं, आणि एप्रिलमध्ये मी ती एकदा साफ केलीही होती. पण दोन दिवस एसी लावलाच नाही आणि तरी गालिचा ओला. मग लोटा घेतला. आधी दारावर पाणी ओतलं, आत कोरडं. मग समोरच्या काचेच्या मुळाशी, वायपरच्या खाली. दोन लोटे झाले नाहीत तोच पायाशी धार. वायपर आणि त्याखालची प्लॅस्टिकची जाळी काढली तर आत कडुलिंब. पानं, काड्या, निंबोळ्यांच्या बिया, आणि त्यांचं कुजून झालेलं काळं खत. पाणी खाली जायची वाट बंद, म्हणून ते साचून ब्लोअरच्या तोंडातून गाडीत उतरत होतं. दोन मुठी खत निघालं, ते आईनं तुळशीला घातलं. (गाडी पुण्यात कुठल्या झाडाखाली असायची माहीत नाही, पण निंबोळ्या मात्र आमच्याच झाडाच्या, त्यात शंका नाही.)

गालिचा वरून सुकला म्हणून समाधान मानू नका. त्याच्या खालचा फोम स्पंजासारखा पाणी धरतो. मी सीट, खालची पट्टी, सगळं काढून गालिचा उचलला, खाली विटा ठेवल्या आणि घरचा टेबल फॅन दोन रात्री आत लावला. पावसाळ्यात वास यायचा तो आलाच, पण आठवड्यात गेला. आता दर महिन्याला जाळीखाली हात घालतो.

बाकीचं भरभर. ऑइल स्वतः बदलतो, मॅन्युअलमधल्या ग्रेडचं पूर्ण सिंथेटिक. टर्बोच्या बाबतीत तिथे पैसे वाचवू नका, आणि चेंबरच्या (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) बोल्टचा वॉशर दर वेळी नवा घाला. जुनं ऑइल डब्यात भरून गॅरेजात देतो, नालीत नाही. टायर बघताना नक्षी बघू नका, बाजूवर कोरलेले चार आकडे बघा: माझ्यावर ३२१७ होतं, म्हणजे २०१७ चा बत्तिसावा आठवडा. नक्षी छान होती, पण कडेला बारीक चिरा. समृद्धीवर १२० नं जायचं म्हणजे असले टायर नकोत, चारही बदलले. टायमिंग बेल्टला मी हात लावला नाही आणि लावणार नाही. इंजिन लॉक करायची हत्यारं लागतात आणि एक दात चुकला तर अख्खं इंजिन उघडायची वेळ. ते काम जाणत्या मिस्त्रीकडे दिलं, वॉटर पंपासकट, आणि स्टूल घेऊन शेजारी बसून पाहिलं.

चालवायला? शहरात लिटरला दहा, हायवेला पंधराच्या आसपास. आपल्या सिमेंटच्या रस्त्यांचा प्रत्येक सांधा पाठीच्या मणक्यात मोजता येतो. मोठ्या गतिरोधकावर तिरकी चढवावी लागते, जमिनीपासून उंची १५५ मिलिमीटरच. पण दोन हजार आरपीएमच्या पुढे ती जी ओढते, ते एकदा अनुभवलं की मणक्याचं काही वाटत नाही. आई मात्र अजून बसत नाही.

धुण्याचं एक राहिलं. आमचं बोअरचं पाणी खारं आहे, उन्हात गाडी धुतली की थेंबाथेंबाचे पांढरे डाग. सकाळी सातच्या आत धुवा आणि मायक्रोफायबरनं लगेच टिपा. डाग पडलेच तर पांढरं व्हिनेगर निम्मं पाणी घालून, मग साध्या पाण्यानं धुऊन मेण. एवढं करूनही एप्रिल-मेमध्ये बोनेटवर रोज पांढरे ओघळ असायचे आणि मी महिनाभर स्वतःलाच शिव्या देत पुसत होतो. मग कळलं की वरच्या मजल्यावरच्या काकूंचा कूलर ठिबकतो, बरोब्बर माझ्या जागेवर. बोलायचं धाडस झालं नाही, बोनेटवर जुनं बेडशीट टाकत राहिलो.

परवा पुन्हा ओघळ दिसले. नोव्हेंबरात कूलर कोण लावतं म्हणून वर पाहिलं, तर काकू बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी घालत होत्या. "दादा, गाडी भारी चमकते हं तुमची," म्हणाल्या.