उदास शब्द, उजळ चाल: ठेका १२० चा की ८० चा?

एकच गाणं दोन वेगांत गाऊन पाहू: मिनिटाला १२० ठोके (बीपीएम) आणि ८० ठोके. कॉर्ड दोन्हीकडे त्याच: सी, जी, ए मायनर, एफ. ओळही तीच: ‘गाडी सुटली, तू वळलाही नाहीस.’ सिद्धेश्वर एक्स्प्रेस सोलापूर सोडते तेव्हा फलाटावर मागं राहिलेल्याची.

१२० बीपीएमला चार ठोक्यांचा बार, म्हणजे तालाचं एक आवर्तन, २ सेकंदांत संपतो. ही ओळ एका बारमध्ये कोंबली की ‘वळलाही’तला ‘ळ’ गिळला जातो आणि ऐकणाऱ्याला नुसतं नाचाचं गाणं उरतं. म्हणून ओळीला दोन बार द्यायचे, ‘नाहीस’ लवकर तोडायचं आणि उरलेली जागा गिटारला सोडायची. गाताना आवाज चढवू नका. माइकपासून वीतभर अंतरावर, शेजारच्याला सांगितल्यासारखं गा. वाद्यं हसतात, गळा हसत नाही. सगळी गंमत यातच आहे.

८० ला बार ३ सेकंदांचा. शब्द स्वच्छ कळतात, पण स्वर लांबवायचा मोह होतो आणि बघता बघता त्याचं भावगीत होतं. त्यात रिव्हर्ब, म्हणजे आवाजाचा घुमारा, वाढवलात तर संपलंच.

रेकॉर्डिंगलाही ८० जास्त छळतं. मोकळ्या जागांत पंखा आणि शेजारचे यंत्रमाग ऐकू येतात. भिंतीपासून थोड्या अंतरावर सोलापुरी चादरी दुहेरी टांगल्या तर खोलीचा खणखणाट कमी होतो. मागांची घरघर मात्र चादरीला दाद देत नाही. रेकॉर्डिंगमधला ८० हर्ट्झखालचा खर्ज कापा, नाहीतर माग थांबल्यावर गा.

आठ गाण्यांच्या अल्बमात सहा-सात १२० च्या आसपास ठेवावीत. संथ एखादंच, तेही सुरुवातीला नको.