मागच्या ब्रेकचा आउटर: दोन तुकड्यांत की अखंड?

सायकलची फ्रेम पावडर कोटिंग (पावडर फवारून भट्टीत भाजलेला रंग) करून आणली की ब्रेकच्या वायरी परत घालताना हा प्रश्न पडतो. आउटर म्हणजे वायरीवरची बाहेरची नळी. टॉप ट्यूबवर, म्हणजे फ्रेमच्या वरच्या दांड्यावर, केबल स्टॉप (आउटरचं टोक अडकवायच्या छोट्या खोबण्या) असतील तर आउटरचे दोन तुकडे करून मधली वायर उघडी ठेवायची, नाहीतर लिव्हरपासून कॅलिपरपर्यंत, म्हणजे चाकाजवळच्या ब्रेकच्या चिमट्यापर्यंत, सलग आउटर नेऊन क्लिपांनी आवळायचा. माझ्या स्टीलच्या सायकलवर मी दोन्ही करून पाहिलंय.

ब्रेक दाबायला तुकड्यांचा आउटर छान, हे आधीच सांगतो. आउटर जितका कमी तितकं घर्षण कमी. स्टॉपला खाच असेल तर तेल देणंही सोपं: आउटर खाचेतून काढा, बाजूला सरकवा, वायर पुसा, झालं. सलग आउटर घातल्यावर लिव्हर जराशी मऊ लागते, निदान माझ्या हाताला तरी.

पण पावडर कोटिंगचा थर जाड असतो. कोटिंगला देताना स्टॉपची तोंडं बुजवायला हवी होती, ती तशीच राहिली. आउटर ५ मिमीचा, त्याच्या टोकाला स्टॉपमध्ये बसणारी टोपी. ती आत जाईना. पक्कडीने दाबून अर्धवट बसवली. चौथ्या दिवशी उतारावर ब्रेक मारला तर टोपी खटकन आत गेली, वायर सैल पडली आणि लिव्हर हँडलला टेकली. पुढचा ब्रेक होता म्हणून निभावलं. घरी येऊन गोल कानस घेतली. भोक मोकळं झालं, पण कडेच्या रंगाचा नखाएवढा टवका उडून खालचं लोखंड दिसायला लागलं. श्रावण संपेपर्यंत तिथे तांबूस कडं धरलं होतं. आठवडाभर वाट पाहून आणलेला रंग, आणि त्याला पहिली जखम माझ्याच हातची. फार लागलं मनाला.

मग सलग आउटर घातला. स्टॉपला हातच लावावा लागला नाही, आणि पावसाळ्यातला चिखल उघड्या वायरवर बसायचा तोही थांबला. क्लिपेखाली धूळ अडकून रंग घासला जातो, म्हणून आधी पारदर्शक टेपची पट्टी लावली. हेड ट्यूबला (हँडलखालची फ्रेमची पुढची नळी) आउटर टेकतो तिथेही एक. कापण्याआधी हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून लांबी पाहिली.

तुमची भोकं कोटिंगच्या वेळी नीट झाकली गेली असतील आणि टोपी बोटाने दाबून आत बसत असेल, तर तुकड्यांचा आउटर जरूर घाला. कानस घ्यायची वेळ आली तर मात्र मी तरी सलग आउटरच आणेन.