जुन्या रेसिंगच्या फोटोंना रंग द्यायचा तर ॲप, फोटोशॉप की ब्रश?

जुन्या मोटार रेसिंगचे ब्लॅक अँड व्हाइट फोटो रंगवून घरात किंवा गॅरेजमध्ये फ्रेम लावायचीय, आणि ॲपवर टाकू, फोटोशॉपमध्ये स्वतः बसू, की नागपुरात बर्डीवरच्या एखाद्या जुन्या स्टुडिओत विचारून ब्रशने करून घेऊ, हे ठरत नसेल तर वाचा. माझं मत आधीच सांगतो, गाडी हातानेच रंगवा, फोटोशॉपमध्ये असो की ब्रशने, बाकीचं खुशाल ॲपला करू द्या.

ॲपचं काम सगळ्यात फास्ट. जेसन अँटिकचं डीओल्डिफाय हे फोटो आपोआप रंगवणारं सॉफ्टवेअर २०१८ मध्ये आलं, मायहेरिटेज या वंशावळीच्या वेबसाइटने २०२० मध्ये त्याच्यावरच फोटो रंगवायची आपली सोय काढली, फोटोशॉपमध्येही कलराइज नावाचा न्यूरल फिल्टर, म्हणजे एआयवर चालणारा फिल्टर आहे. फोटो टाकला की थोड्याच वेळात आभाळ निळं, झाडं हिरवी, माणसांचे चेहरे बऱ्यापैकी. प्रेक्षक, धूळ, रस्ता याच्यासाठी मस्तच आहे, एकेक टोपी हाताने रंगवत कशाला बसायचं.

पण गाडीचा रंग ॲपला माहीतच नसतो ना. त्या काळात इंटरनॅशनल रेसमध्ये देशाप्रमाणे रंग असायचे, फ्रान्स निळा, इटली लाल, ब्रिटन हिरवा, बेल्जियम पिवळा, जर्मनी आधी पांढरा आणि १९३४ पासून चंदेरी. आणि खरी गडबड फिल्मची आहे. जुनी ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल रंग पकडतच नव्हती आणि निळा जास्त पकडायची, म्हणून इटलीची लालभडक अल्फा रोमिओ फोटोत जवळजवळ काळी दिसते आणि फ्रेंच निळी बुगाटी फिकट, पांढरट. ॲप बिचारं करड्या छटेवरून अंदाज लावतं, मग अल्फा काळपट राहते आणि बुगाटी क्रीम कलरची होऊन बसते. लोक तसंच प्रिंट काढून शेअर करतात आणि पुढचे लोक तेच खरं धरून चालतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

फोटोशॉपमध्ये हे सुधारता येतं, पण वेळ द्यावा लागतो. गाडीचा मास्क काढा, म्हणजे फक्त गाडीचाच भाग निवडून घ्या, नवीन लेयर, ब्लेंड मोड कलर, त्यात रंग भरा. एवढ्यावर थांबलात तर लाल गाडी मात्र मळकट मरूनच दिसेल, कारण कलर मोड खालचा उजेड बदलत नाही आणि खाली तर काळंच आहे, म्हणून आधी त्याच मास्कमध्ये कर्व्हज या उजेड कमी-जास्त करायच्या टूलने बॉडी उजळ करायची, मग रंग. निळ्या गाडीला उलटं, आधी थोडी गडद करायची. फोटोशॉपचं दर महिन्याचं सबस्क्रिप्शन नको असेल तर फोटोपी ब्राउझरमध्ये फुकट चालतं, गिंप पण फुकट आहे, एवढं काम दोन्हीत होतं.

देशाचा नियम पाठ झाला म्हणजे झालं असं पण नाही हं. १९२४ च्या टार्गा फ्लोरिओत, म्हणजे इटलीतल्या सिसिली बेटावरच्या रेसमध्ये, ख्रिस्तियन वेर्नर जिंकला ती मर्सिडीज जर्मन, पण रंगवलेली लाल, सिसिलीतल्या लोकांनी परकी गाडी ओळखून त्रास देऊ नये म्हणून. रिचर्ड सीमनची १९३६ ची डेलाज काळी होती, तिथे तुम्ही फ्रेंच गाडी म्हणून निळा नाहीतर ब्रिटिश ड्रायव्हर म्हणून हिरवा लावून मोकळे व्हाल. सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या प्रिन्स बिराची ईआरए ही ब्रिटिश रेसिंग गाडी निळी-पिवळी. म्हणून ती गाडी म्युझियममध्ये असेल तर तिचे आजचे फोटो शोधा, त्या वेळच्या बातम्यांत रंग लिहिलाय का बघा. बारीकसारीक पण बघा, अगदी सुरुवातीच्या गाड्यांचे रेडिएटर पितळी असायचे आणि टायर फिकट, रबर काळं करणारं कार्बन ब्लॅक त्यात नंतर यायला लागलं, त्यामुळे १९०८ च्या गाडीचे टायर पांढरट दिसले तर ते काळे करत बसू नका.

ब्रशने रंगवलेला फोटो दिसायला सगळ्यात गोड, मला तरी. पातळ रंग चढवतात, खालचा फोटो जिवंत राहतो. पण हे करणारे हात आता कमी राहिलेत, चुकलं तर अनडू नाही, आणि चकचकीत प्लास्टिक कोटिंगच्या कागदावर वॉटर कलर धरत नाही, मॅट फायबर पेपरवर वेगळी प्रिंट काढून द्यावी लागते. ओरिजिनल प्रिंट कोणाच्याच हातात रंगवायला देऊ नका, कितीही ओळखीचा असू द्या. आर्टिस्टला गाडीचा रंग तुम्हीच सांगायचा, सोबत सॅम्पल द्यायचं. एकच फोटो आहे, आई-बाबांना गिफ्ट द्यायचाय, तर हा खर्च जरूर करा. अख्खा अल्बम असेल तर विषय सोडा.

तिन्हीपैकी काही पण निवडा, स्कॅन मात्र नीट पाहिजे, फ्लॅटबेडवर ६०० डीपीआय, टिफ फाइल. मोबाइलने काढलेल्या फोटोत ट्यूबलाइटची चमक येते आणि ॲप त्यालाही रंग देऊन टाकतं.

आपल्याकडचे फोटो असतील, म्हणजे चेन्नईजवळच्या शोलावरमच्या विमानांच्या धावपट्टीवरच्या रेसचे वगैरे, तर तिथे देशाचा रंग कामाचा नाही, गाड्या लोकांच्या स्वतःच्या होत्या. त्या घरातल्या काका-आजोबांना विचारा, त्यांना गाडीचा रंग बरोबर आठवतो. कोणालाच माहीत नसेल तर बाकी फोटो रंगवा आणि बॉडी करडीच राहू द्या.