स्वतःचा कर्नल लिहायला रास्पबेरी पाय ३ घ्यावा की एसटीएम३२ न्यूक्लिओ?

ओएसची थिअरी झालीय, सी येतं, आता खाली काहीच नसलेल्या बोर्डावर स्वतःचा छोटा कर्नल (ओएसचा गाभा) चालवायचाय, अशांसाठी हे लिहितोय. मी दोन्ही वापरलेत, पाय ३ (छोटा कॉम्प्युटरच) आणि न्यूक्लिओ एफ४४६आरई (एसटीएम३२ मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड).

शिकायला पायवर जास्त आहे, हे आधीच सांगतो. चार ६४ बिट कोर, एमएमयू (व्हर्च्युअल मेमरीचे पत्ते बदलून देणारं हार्डवेअर), एक्सेप्शन लेव्हल्स (कोडच्या अधिकारांच्या पातळ्या), म्हणजे पेज टेबल आणि युजर मोड खरेखुरे करता येतात. न्यूक्लिओवर १२८ केबी रॅम आणि एमएमयू नाहीच, फार तर एमपीयूने (मेमरी प्रोटेक्शन युनिट) मेमरीला कुंपण घालता येतं. व्हर्च्युअल मेमरीच शिकायची असेल तर सरळ पाय घ्या.

पण मला नडलं ते एसडी कार्ड. पायला पॉवर दिली की आधी जीपीयू उठतो, कार्डावरच्या त्याच्या फाइल्स वाचतो (त्यांचा सोर्स मिळत नाही) आणि मग तुमची इमेज मेमरीत टाकून एआरएम कोर सोडतो. म्हणजे एक ओळ बदलली की कंपाइल करा, कार्ड काढा, लॅपटॉपला लावा, कॉपी, इजेक्ट, परत पायमध्ये, पॉवर, आणि सिरियलवर काहीच नाही. यूआर्ट (सिरियलचं हार्डवेअर) सुरू झाला नाही, स्टॅक चुकला की एक्सेप्शन येऊन कुठे अडकलंय, काही कळत नाही आणि असं रात्र रात्र चालतं. सिरियल बूटलोडर (केबलवरून इमेज घेणारा छोटा प्रोग्राम) किंवा जेटॅग अडॅप्टरने (चिपला बाहेरून डीबगर जोडणारं साधन) हे सुटतं, मान्य, पण शिकणाऱ्याला तेच एक वेगळं काम होऊन बसतं. क्यूईएमयू या एम्युलेटरमध्ये पाय ३ चालतो, जीडीबी हा डीबगरही जोडता येतो, फक्त तिथे कॅशे खरे नसतात, त्यामुळे तिथे चाललं ते बोर्डावर चालेलच असं नाही. बोर्डाचा यात दोष नाही म्हणा, तो मुळात लिनक्स चालवायला बनलाय.

न्यूक्लिओवर एसटी-लिंक (प्रोग्राम टाकणारा आणि डीबग करणारा भाग) बोर्डावरच असतो. एकाच यूएसबी केबलवर पॉवर, सिरियल आणि डीबगर. व्हेक्टर टेबलच्या (चिप सुरू होताना वाचते ती पत्त्यांची यादी) सुरुवातीला स्टॅक पॉइंटर, त्यापुढे रिसेट हँडलरचा पत्ता, की पहिल्या इन्स्ट्रक्शनपासून सगळं तुमचंच. हार्डफॉल्ट (गंभीर चुकीचं एक्सेप्शन) आला तर सीएफएसआर हे फॉल्टची नोंद ठेवणारं रजिस्टर वाचा, कारण बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

आणि कॉन्टेक्स्ट स्विच मला खऱ्या अर्थाने कळला तो इथे. पेंडएसव्हीत (टास्क बदलायला वापरतात ते एक्सेप्शन) शिरताना हार्डवेअर आठ रजिस्टर्स स्वतः स्टॅकवर टाकतं, आर४ ते आर११ आपण टाकायचे, पीएसपी (टास्कचा स्टॅक पॉइंटर) बदलायचा, परत फिरायचं. ब्रेकपॉइंट लावून पीएसपी एका टास्कच्या स्टॅकवरून दुसऱ्याच्या स्टॅकवर गेलेला बघताना जे समजतं ते कितीही आकृत्या बघून समजत नाही. पेंडएसव्हीला सगळ्यात खालची प्रायॉरिटी द्या आणि एफपीयू (दशांश गणिताचं हार्डवेअर) सुरुवातीला बंदच ठेवा, नाहीतर स्टॅक फ्रेम मोठी होते.

पाय घरात आधीच पडून असेल तर नवा बोर्ड घ्यायची घाई नको, फक्त ३.३ व्होल्टची यूएसबी-सिरियल केबल घ्या आणि सगळ्यात आधी सिरियल बूटलोडर लिहा. विकतच घ्यायचा असेल तर, माझ्यापुरतं तरी, आधी न्यूक्लिओवर राऊंड रॉबिन शेड्यूलर (टास्कना आळीपाळीने वेळ देणारा) नीट चालवेन आणि मग एमएमयूसाठी पायकडे वळेन.