पसरणीचा घाट, दहा फुटी पाईप आणि इंट्रा व्ही ३०

टाटाची इंट्रा व्ही ३० ही छोटी मालगाडी घेऊन पाच महिने झाले, नऊ हजार किलोमीटर पडलेत, म्हणून आता लिहितोय. पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर पेढे वाटल्यासारखं झालं असतं सगळं.

आमचं वाईत हार्डवेअर आणि सॅनिटरीचं दुकान आहे. सिमेंट, टाईल्स, पाण्याच्या टाक्या, पाईप, नळाचं सामान. निम्मं गिऱ्हाईक वाईतलं आणि धोम-जोरकडच्या गावांतलं, निम्मं वर पाचगणी, भिलार, महाबळेश्वरचं. वर बारा महिने कुठल्या ना कुठल्या हॉटेलचं बाथरूम उकरलेलं असतं त्यामुळं धंदा आहे, पण मधे पसरणीचा घाट आहे. वाई ते पाचगणी बारा-तेरा किलोमीटर फक्त, पण तेवढ्यात गाडी पाचशेच्या वर मीटर चढते. आणि आम्ही वर न्यायचो ते सगळं जड. कापूस विकत असतो तर हा रिव्ह्यू लिहायची वेळच आली नसती.

जुनी गाडी पाऊण टन पासिंगची (म्हणजे कागदोपत्री तेवढाच माल न्यायची) होती, कंपनीचं नाव नको, बारा वर्षं तिनं घर चालवलंय. पण मागच्या पावसाळ्याआधी वरून रिकामं उतरताना ब्रेक एवढे गरम झाले की केबिनमधे जळका वास, एका वळणावर बाजूला घेऊन चाकामागं दगड लावून अर्धा तास बसलो. आण्णा (माझे वडील) शेजारी होते. एक शब्द बोलले नाहीत. खाली आल्यावर चहा घेताना म्हणाले, बास, आता हिला निरोप द्या.

तर मग बघायला सुरुवात केली, आणि कळलं की २०१३ला गाडी घेणं आणि आता घेणं यात लई फरक पडलाय. तेव्हा छोटा हत्ती नाहीतर पिकअप, विषय संपला. आता नुसत्या टाटाच्याच बघा, एस, इंट्रा व्ही १०, व्ही २०, व्ही ३०, व्ही ५०, योद्धा. महिंद्राची सुप्रो, बोलेरो पिकअप, मॅक्स. लेलँडची दोस्त, बडा दोस्त. मारुतीची सुपर कॅरी बघायला गेलो तर ती डिझेलमधे २०२०पासून येतच नाही, पेट्रोल नाहीतर सीएनजी.

सीएनजी घ्या असं निम्म्या लोकांनी सांगितलं. हिशोब त्यांचा चुकीचा नाही, सपाटीवर फिरायचं असेल, शिरवळ-पुणे पट्ट्यात, तर मीपण तेच सांगीन. पण सीएनजीवर ताकद थोडी कमीच मिळते, सिलिंडरचं वजन कायम सोबत, आणि पंपावरची रांग तुमच्या गिऱ्हाइकाला दिसत नाही, त्याला गवंडी रिकामा बसलेला दिसतो. इलेक्ट्रिकचा विचार एक संध्याकाळ केला. एस ईव्ही १००० ही एक टन वाहते, कंपनी १६१ किलोमीटर रेंज सांगते, शहरात वाटप करणाऱ्याला उत्तम असणार. भरलेल्या मालानं रोज दोनदा घाट म्हटल्यावर आण्णांनी नुसतं माझ्याकडं बघितलं.

म्हणजे डिझेल. आता डिझेलचं एक दुखणं आहे ते शोरूमवाला आपणहून सांगत नाही, म्हणून इथं जरा थांबतो. बीएस ६ आल्यापासून (२०२० एप्रिल) डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेत धूर गाळायचा फिल्टर असतो, डीपीएफ म्हणतात. त्यात काजळी साठते आणि इंजिन चांगलं तापलं, गाडी सलग काही वेळ पळाली, की ती काजळी आतल्या आत जळून जाते. पण गाडी दिवसभर गणपती आळीतून बसस्टँड, बसस्टँडवरून परत गणपती आळी अशी दोन-दोन किलोमीटर फिरली, बंद-चालू बंद-चालू, तर ती जळायला वेळच मिळत नाही. आमच्या ओळखीतल्या एका डेअरीवाल्याची हीच कथा, गाडी नवीकोरी, पॅनेलवर दिवा लागला, त्यानं दुर्लक्ष केलं, मग गाडी उचलायचीच बंद झाली, टो करून न्यावी लागली. गाडी खराब नव्हती हो, चुकीच्या कामाला लावली होती. तुमचं काम फक्त गावातल्या गावात असेल तर डिझेल घेऊच नका. आमची गाडी रोज घाट चढते आणि आठवड्यातून एकदा माल आणायला पुण्याला जाते, म्हणून आम्हाला चालतं.

दुसरा प्रश्न विचारायचा तो युरियाचा. काही डिझेल गाड्यांना वेगळ्या टाकीत युरियाचं पाणी, म्हणजे डीईएफ, भरावं लागतं, काहींना एलएनटी म्हणजे धुरातला विषारी वायू पकडणारा सापळा असतो, त्यात ते लागत नाही. टाटानं सप्टेंबर २०२५मधे एस गोल्ड प्लस आणली तिची जाहिरातच त्यावर होती, युरियाची भानगड नाही, ५ लाख ५२ हजारापासून, ९०० किलो वाहते. किमतीला आण्णा भाळले होते. पण इंजिन २२ हॉर्सपॉवरचं. सपाटीच्या धंद्याला मस्त, पसरणीला १८ पोती सिमेंट घेऊन मी तरी जाणार नाही.

आता पोत्यांचा हिशोब. आम्ही गाडी किलोत मोजत नाही, पोत्यात मोजतो. सिमेंटचं पोतं ५० किलो. एक टन म्हणजे २०. इंट्रा व्ही १० एक टनाची, म्हणजे २०. व्ही ३० तेराशे किलो, २६. व्ही ५० दीड टन, ३०. बोलेरो पिकअपचं मोठं मॉडेल त्याच्याही वर जातं, इंजिन अडीच लिटरचं, घाटाला बैल आहे बैल. पण गणपती आळीत दोन्ही बाजूला स्कूटर लावलेल्या असताना ती आत घालायची आणि परत रिव्हर्सनं काढायची, तेही दिवसातून चारदा, हे मला नको होतं. व्ही ३०च्या वळणाची त्रिज्या ५.२५ मीटर, व्ही १०ची अजून कमी, ४.७५. हा आकडा ब्रोशरमधे शेवटच्या पानावर असतो, कोणी वाचत नाही, गल्लीत दुकान असणाऱ्यानं पहिला वाचावा. आणि ओव्हरलोडचं म्हणाल तर २०१९पासून दंड २० हजार आणि वर दर टनाला २ हजार, त्यामुळं "पाऊण टनाची आहे पण दीड टन ओढते" हे कौतुक आता विसरायचं.

तर व्ही १० का व्ही ३०, यावर घरात पंधरा दिवस वाद. पैशाचा फरक चांगलाच होता, आणि व्ही १०चं ॲव्हरेज जास्त. निकाल शेवटी लावला पाईपनं. सीपीव्हीसीचा, म्हणजे घरातल्या नळाचा प्लास्टिक पाईप येतो तीन मीटर, आपण दहा फुटी म्हणतो, खरा भरतो ९.८४ फूट. व्ही १०चा हौदा (मागची माल ठेवायची जागा) ८.२ बाय ५.३ फूट. व्ही ३०चा ८.८ बाय ५.३. दोन्हीत सरळ बसत नाही. फाळका पाडून मागं लाल फडकं बांधायची आपल्याकडं पद्धत, पण माल बाहेर डोकावला तर त्यालाही २० हजाराचंच कलम आहे आता. मग मी शोरूममधे टेप काढला (हार्डवेअरवाला आहे, खिशात टेप असतोच) आणि कोनाकोनी मोजलं. व्ही १० पावणेदहाच्या आसपास. व्ही ३० सव्वादहा. पाईप बसला! सेल्समन पोरगा म्हणाला, सर आजपर्यंत असं कोणी मोजलं नाही. गठ्ठा मोठा असेल तर नाही बसत, पण रोजचे आठ-दहा पाईप आडवे कोनात टाकायचे, वर बाकीचा माल रचायचा, वरून ताडपत्री, झालं काम. गंमत म्हणजे व्ही ५०चा हौदा ९.७, म्हणजे सरळ टाकला तर बोटभर बाहेर. कंपनीत कोणी प्लंबर नाही वाटतं.

टेस्ट ड्राईव्हचं जरा सांगतो. एका शोरूममधे (कोणत्या कंपनीचं ते नको) मी म्हणालो की भरलेली गाडी घाटात चालवून बघायचीय. त्यांनी आधी हसून घेतलं, मग म्हणाले रिकामी घेऊन हायवेला एक चक्कर मारा, इन्शुरन्सचा प्रॉब्लेम होतो. रिकामी गाडी काय चालवून बघायची राव? रिकामी तर बैलगाडीपण पळते. वरून कोटेशनमधे ॲक्सेसरीजचे अठरा हजार, सीट कव्हर, मॅट आणि एक देव्हारा. देव्हारा! तिथून उठलो.

दुसरीकडं मात्र डेमो गाडी देतो म्हणाले, माल तुमचा, डिझेल तुमचं, ड्रायव्हर आमचा. आमच्याच दुकानातून १६ पोती टाकली आणि दोन दिवसात दोन्ही गाड्या वर नेल्या. व्ही १०चं इंजिन ७९८ सीसी, दोन सिलिंडर, ४५ हॉर्सपॉवर. ती शांतपणे दुसऱ्या गिअरवर चढत राहिली, तिच्या मापात ती बरोबर आहे, घाई नसेल तर काहीच तक्रार नाही. व्ही ३०चं १४९६ सीसी, चार सिलिंडर, ७० हॉर्सपॉवर, ती त्याच पोत्यांना बऱ्याच ठिकाणी तिसऱ्यावर खेचत होती, आणि मागची एसटी हॉर्न वाजवत नव्हती हे मला जास्त महत्त्वाचं वाटलं. उतारावर दुसऱ्या गिअरला टाकून पाय ब्रेकवरून काढला, गाडी इंजिनावरच धरून राहिली. आण्णांनी पाचगणीत मका खाल्ला आणि म्हणाले हीच. माझा टेपचा निकाल आधीच लागलेला, मी गप्प बसलो.

घ्यायची कधी हाही प्रश्न होता. २०२५च्या ऑगस्टमधे बघत होतो तेव्हाच जीएसटी कमी होणार अशी कुणकुण, १५ ऑगस्टला जाहीरच झालं, मग थांबलो. २२ सप्टेंबरला, नेमकी घटस्थापना, मालवाहू गाड्यांवरचा २८चा १८ टक्के झाला. कोणाला वाटतं १० टक्के कमी झाला म्हणजे ८ लाखाच्या गाडीला ८० हजार वाचले, तसं नाही, ८ लाखात मूळ किंमत सव्वासहा लाख असते, त्यावर धरा, ६२,५०० वाचले. तरी काय कमी आहे का. शिवाय आमचं दुकान जीएसटीत नोंदलेलं असल्यामुळं मालवाहू गाडीवर भरलेला जीएसटी इनपुट क्रेडिटमधे, म्हणजे दुकानाला भरायच्या जीएसटीतून, वळता करता येतो, कारला हे मिळत नाही. सीए म्हणाला फक्त एक करू नका, क्रेडिट घेतलेल्या कराच्या रकमेवर घसारापण धरू नका. कित्येक दुकानदार हे क्रेडिट घेतच नाहीत, माहीतच नसतं. दसऱ्याला गाडी दारात.

बाकीचे खर्च पटकन सांगतो. राज्यात जुलै २०२५पासून हलक्या मालवाहू गाड्यांना किमतीच्या ७ टक्के एकरकमी टॅक्स आहे. इन्शुरन्समधे थर्ड पार्टीचेच १६,०४९, वर जीएसटी, स्वतःच्या गाडीचं कव्हर वेगळं, ते बाहेर दोन ठिकाणी विचारून घ्या, शोरूमच्या आकड्यात आणि बाहेरच्या आकड्यात आम्हाला सात हजारांचा फरक दिसला. परमिट लागत नाही, एकूण वजन तीन टनाच्या आत असलं की सूट आहे, आणि व्ही ३० भरून अडीच टनांच्या थोडी वर जाते. एजंट तरी "परमिटचे" म्हणून पैसे लावायला बघत होता. लायसनचंपण तसंच, भाच्याकडं साधं कारचंच लायसन आहे, पण सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर २०२४मधे निकाल दिलाय की साडेसात टनाच्या आतली मालगाडी एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीच्या लायसनवर चालते, वेगळा शिक्का लागत नाही. त्यामुळं सकाळची पहिली खेप आता तोच करतो, आईचा जीव मात्र तो फोन करेपर्यंत टांगलेला.

ॲव्हरेज विचारणार सगळे, माहितीय. भरून वर, रिकामं खाली, असा रोजचा हिशोब धरला तर बाराच्या आसपास. पुण्याला जाऊन माल भरून येताना खंबाटकी धरून साडेचौदा-पंधरा. इको मोडचं बटण आहे, सपाटीला लावतो, घाटात बंद. रिकामं खाली म्हणालो खरं, पण डिसेंबर ते मार्च रिकामं येत नाही, भिलारच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याचे स्ट्रॉबेरीचे क्रेट असतात, त्यातून डिझेल सुटतं. तेव्हा कळलं की मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) जड मालासाठी आहेत, हलका माल असला की गाडी उडते आणि खालच्या क्रेटमधली फळं चेपतात. आता मागच्या बाजूला क्रेटच्या खाली दोन पोती वाळू आणि वर जुनी गादी असते. बहुतेक जगातली पहिली गादीवर झोपून येणारी स्ट्रॉबेरी.

पॉवर स्टिअरिंगचं कौतुक वेगळं सांगायला नको, ज्याच्या खांद्यानं बारा वर्षं जुनी गाडी वळवलीय त्यालाच कळेल. एसीवाली घेतली नाही, पाचगणीला एसी काय करायचाय. मे महिन्यात पुण्याच्या खेपेला बघू काय म्हणतो भाचा.

राहिलंय एकच काम, वरचं कॅरिअर. शेतीचे वीस फुटी पाईप अजून थेट कंपनीच्या ट्रकनंच शेतावर पाठवतो, ते या गाडीचं कामच नाही. पण रिकाम्या टाक्या बांधायला केबिनमागं जाळी आणि बाजूला उंच फळ्या पाहिजेत, हजार लिटरची टाकी घाटातल्या वाऱ्याला नुसती डोलते. वेल्डरनं दोनदा मापं नेलीत, दोनदा हरवलीत.